पाचव्या दिवसाचं पान

दिवस पहिला : मेक्सिको सिटी
*नाश्त्यानंतर झोकालो हा अवाढव्य चौक, त्याच्या कडेचं कॅथेड्रल, शेजारी जमिनीतून उकरून काढलेलं जुनं देऊळ. हे शहर तळ्यावर वसवलेलं आहे, त्यामुळे कॅथेड्रल किंचित कललेलं दिसेल. तुमच्या डोळ्यांत दोष नाही.*

सोमवारी सकाळी साडेदहाला ज्ञानेश्वरी सावेडीतल्या 'दूरदेश सहली'च्या जिन्यावरून जवळजवळ पळतच वर आली. प्रेसमधून पुस्तिका आल्याचा हर्षलचा फोन आला होता. चोवीस प्रवासी, चोवीस पुस्तिका, बारा दिवसांचं मेक्सिको, आणि त्यातलं एकूण एक वाक्य तिने लिहिलेलं. चार वर्षं ती नगरमध्ये बसून लोकांना त्या देशात कुठे उतरायचं, कुठे काय खायचं हे सांगत होती. स्वतः विमानात कधी बसली नव्हती. उद्या दुपारी बसणार होती, ग्रुप लीडर म्हणून, हातात झेंडा घेऊन.

आतल्या खोलीत टेबलावर गठ्ठा होता. तिने सुतळीचं टोक ओढलं. सुतळी सुटली. वरची पुस्तिका उचलून तिने नाकाला लावली, शाईचा वास घेतला, मग पानं चाळली. चौथा दिवस. सहावा दिवस.

ती थांबली. बोटाला थुंकी लावून पान सुटं करून पाहिलं. दोन पानं चिकटलेली नव्हती. चौथ्यानंतर सहावाच होता, आणि मध्ये शिवणीला लागून कागदाची एक बारीक, सरळ कापलेली पट्टी उरली होती.

दुसरी पुस्तिका. तिसरी. दहावी. चोविसावीही तशीच.

कुणीतरी मेक्सिकोचा पाचवा दिवस कापून नेला होता. चोवीसच्या चोवीस पुस्तिकांमधून.

दिवस दुसरा : मेक्सिको सिटी
*चापुल्तेपेकच्या बागेतलं संग्रहालय. पूर्ण बघायला आठवडा लागतो, आपल्याकडे चार तास आहेत. बुटाच्या नाड्या घट्ट. दुपारी मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ. उसळीत चरबी घातली आहे का ते मी विचारीन, तुम्ही नुसते बसा.*

"पासपोर्ट मोजलेस?" रुमाना मॅडमनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"मोजले. सगळे आहेत."

"कपाटाला कुलूप होतं?"

काल संध्याकाळी पासपोर्ट शेवटचे तपासणारी तीच होती, आणि कपाटाची किल्ली आज सकाळी कपाटालाच लटकत होती.

कंपनी रुमाना मॅडमची. वडिलांच्या हज-उमराच्या एजन्सीतून त्यांनी ही उभी केली होती, आणि त्या कधी आवाज चढवत नसत. आत्ताही चढवला नाही. "हे बघ. एक पान गेलं, पुन्हा छापू. पण ज्या खोलीत चोवीस माणसांचे पासपोर्ट उघडे होते, तिथे कुणीतरी पाव तास निवांत बसून ब्लेड चालवलं. कुणी आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय मी हा ग्रुप तुझ्या हाती देऊ शकत नाही. पाच वाजता सगळे पुस्तिका घ्यायला येतायत. तेव्हा मला नाव पाहिजे."

"आणि नाही मिळालं तर?"

"हर्षलचा व्हिसा तयार आहे. तिकीट सहा वाजेपर्यंत त्याच्या नावावर करता येतं. झेंडा त्याच्याकडे."

बाहेर हर्षल टेबलावर बसून पाय हलवत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"माझ्याकडे असं बघू नका लीडर मॅडम," तो म्हणाला. "मला जायचंय, खोटं कशाला बोलू. पण मी केलं असतं तर पानं कापली नसती. गठ्ठाच रिक्षात विसरलो असतो."

"गठ्ठा कधी आला?"

"साडेनऊला. मी आत ठेवला. पावणेदहाला हेडमास्तर आले, राधाकृष्ण सर. तिकडच्या प्लगची पिन कशी असते विचारायला. आत बसले, दहा मिनिटांत गेले. मग छबूमावशी आल्या, राहात्याच्या. त्यांच्या मुलाला, आदिनाथला, खाली पिकअप लावायला जागा मिळेना, म्हणून त्या एकट्याच वर आल्या. मी चहा सांगायला खाली गेलो, तिथे विमान कंपनीचा फोन आला, वीस मिनिटं गेली. वर आलो तर आदिनाथ आत एकटा होता. मावशी गॅलरीत उभ्या होत्या."

"म्हणजे तिघंच."

"चौघं," हर्षल म्हणाला. "मी पण होतो की. मला कशाला वगळतेस?"

शनिवारपासूनची सगळी माणसं ज्ञानेश्वरीच्या डोळ्यांपुढून गेली. शनिवारी संध्याकाळी याच खोलीत शेवटची बैठक झाली होती. नंतर सगळे मिळून माळीवाड्याच्या गणपतीला नारळ फोडायला गेले. छबूमावशींचा गुडघा धरला म्हणून त्या बाहेर चपलांपाशी बसून राहिल्या, त्यांचा प्रसाद ज्ञानेश्वरीनेच आणून दिला आणि त्यांनी तो पदरात बांधून ठेवला. काल रविवारी पहाटे पिरॅमिडची तालीम म्हणून सगळ्यांना चांदबिबी महालाच्या डोंगरावर चढवलं. छबूमावशी सगळ्यांत पुढे. वर पोचून खालच्यांना हाका मारत होत्या. राधाकृष्ण सर निम्म्यातून बसत बसत आले आणि दगडावर टेकून म्हणाले, तिकडे मेलेल्यांच्या राज्यात न्यायच्या आधी इथेच मारताय का आम्हाला.

मेलेल्यांच्या राज्यात, म्हणजे पाचव्या दिवशी. ज्ञानेश्वरीने पर्स उचलली.

दिवस तिसरा : तेओतिवाकान
*शहरापासून तासाभरावर. सूर्याचा पिरॅमिड, चंद्राचा पिरॅमिड आणि मधला दोन किलोमीटरचा रस्ता. हे कुणी बांधलं ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. सावली नाही. टोपी विसरणाऱ्याला बसमधून उतरवणार नाही.*

राधाकृष्ण सर प्रोफेसर कॉलनीत राहत. त्यांच्या दारात भरलेली बॅग उभी होती, तिच्यावर ओळीने तीन कुलपं.

"पाचवा दिवस ना?" सर म्हणाले. "कापला? उत्तम झालं. मी शनिवारी सर्वांसमक्ष म्हटलं होतं, सहलीला जाऊन स्मशानात कसलं बसायचं? मी चाळीस वर्षं मुलांना सहलीला नेलं, एकदाही स्मशान दाखवलं नाही."

"तुम्ही कापलंत का, सर?"

"मी?" सरांनी चष्मा काढून पुसला. "मला न आवडलेल्या पानावर मी लाल पेनाने लिहितो. कापत नाही." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे बघ. आज सकाळी तुला हाच अर्ज देणार होतो, तू नव्हतीस. 'पाचव्या दिवसाबाबत तीव्र हरकत.' सव्वीस मुद्दे. पान कापायचं असतं तर रात्री जागून सव्वीस मुद्दे कशाला काढले असते?"

हे खरं होतं. सर भांडून जिंकणारे होते. न भांडता जिंकण्यात त्यांना रस नव्हता.

ऑफिसात परतून तिने कॉम्प्युटरवरून ते पान छापून काढलं आणि समोर ठेवलं.

*सकाळी सोचिमिल्कोच्या कालव्यांतून रंगीत नावा. नावाडी तराफ्यासारखी नाव बांबूने ढकलतो, शेजारच्या नावेतून वाजंत्री येतात. दुपारी फुलबाजार: इथून तिथवर झेंडूच झेंडू. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडू मुळात याच देशातला. २ नोव्हेंबरला इथले लोक आपल्या गेलेल्या माणसांना घरी जेवायला बोलावतात आणि वाट दिसावी म्हणून रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या टाकतात. संध्याकाळी मिस्किक गावचं स्मशान. घाबरू नका: मेणबत्त्या, फुलं, गाणी, गोड पाव. आपणही एक ताट मांडणार आहोत. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलेली नावं:*

आणि खाली चोवीस नावं.

हा विचार तिचाच. शनिवारच्या बैठकीत तिने डबा फिरवला होता, प्रत्येकाने आपल्या एका गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. कुणी कुणाचं लिहिलं ते विचारायचं नाही. डबा तसाच मिस्किकला न्यायचा होता. पण रविवारी चिठ्ठ्या बघताना तिला वाटलं, ही नावं पानावर किती छान दिसतील. तिने ती कुणालाच न सांगता छापून टाकली. लोकांना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला होता खरा. पण कुणाला?

तिने नावांवरून बोट फिरवलं. कै. रखमाबाई. कै. दत्तात्रय. मरहूम अझहर. कै. सुकन्या. कै., कै., कै. शेवटून चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

*बन्सी कोंडाजी, रतनवाडी.*

पुढे कै. नाही, मरहूम नाही. टंकताना तिच्याकडून राहिलं का? तिने चिठ्ठ्यांचा डबा उपडा केला आणि ती चिठ्ठी शोधून काढली. चिठ्ठीवरही नव्हतं. ज्याने कुणी हे नाव लिहिलं, त्याच्या हातून तो एक शब्द उमटला नव्हता.

दिवस चौथा : प्वेब्ला आणि चोलुला
*नगरहून पुणं जेवढं, साधारण तेवढं अंतर. चोलुलाची टेकडी ही टेकडी नाही. गवताने झाकलेला पिरॅमिड आहे आणि डोक्यावर चर्च. मागे धुराचा ज्वालामुखी दिसला तर नशीब. न दिसला तर प्वेब्लाची मिठाई.*

दुपारचा दीड. हर्षलने वडापाव आणून ठेवला होता, तिने हात लावला नव्हता. ती सुतळीकडे बघत होती.

"प्रेसवाला गाठ कशी मारतो रे?"

"अशी की कात्रीशिवाय सुटत नाही. दर वेळी तूच त्याच्या नावाने बोटं मोडतेस."

"आज मी सुतळी ओढली आणि सुटली."

हर्षलचे पाय हलायचे थांबले.

तिने सुतळी हातात घेतली. जुनी गाठ कापलेली जागा मध्येच दिसत होती. तिथे दोन टोकं पुन्हा जोडून मग सगळं नव्याने बांधलं होतं, फास असलेल्या गाठीने. घट्ट बसते, पण एक टोक ओढलं की मोकळी. अशी गाठ तिने एकदाच पाहिली होती. यंदा दसऱ्याला छबूमावशींनी ऑफिससाठी राहात्याहून झेंडूचं पोतं पाठवलं होतं. त्याचं तोंड असंच एका ओढीत सुटलं आणि फुलं रुमाना मॅडमच्या लॅपटॉपवर सांडली. मार्केटात दोनशे पोती भराभर उघडायची तर गाठ अशीच मारतात, असं तेव्हा आदिनाथने हसत सांगितलं होतं.

झेंडूवाली माणसं. दोनच. छबूमावशी आणि आदिनाथ. छबूमावशी तर या सहलीला निघाल्याच होत्या झेंडूचं माहेर बघायला. पहिल्या दिवशी नाव नोंदवताना हेच म्हणाल्या होत्या.

आदिनाथ खाली चहाच्या टपरीवर सापडला. तिशीचा, उन्हाने रापलेला, दाढी वाढलेली. आई समोर कडुलिंबाखाली पिकअपच्या केबिनमध्ये शेंगा सोलत बसली होती.

"आदिनाथदादा, एक वाचून दाखवते," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि तिने नुसतं ते एकच नाव वाचलं.

चहाचा ग्लास त्याच्या हातात तसाच राहिला. त्याने आधी पिकअपकडे पाहिलं, मग तिचा कोपरा धरून तिला टपरीच्या मागे नेलं.

"हे कुनी लिव्हलं?"

"कोण आहेत ते?"

"माजा मामा." त्याने आवाज आणखी खाली आणला. "ताई, मामा शुक्रवारी पहाटं गेला. आन् आईला ठाऊक न्हाई."

दिवस पाचवा

*(इथलं पान कापलेलं आहे.)*

दिवस सहावा : वाहाका
*सकाळचं विमान. मोन्ते आल्बान: डोंगराचा माथा कापून सपाट केला आणि त्यावर शहर वसवलं. चढ आहे. चांदबिबी महाल चढलेल्यांनी काळजी करू नये.*

"भाऊबीजेला गेल्तो आमी," आदिनाथ सांगत होता. "मामा चार म्हैन्यांपासून आजारी. मला वसरीत बसवून म्हनला, आदी, माजा काय भरवसा न्हाई. पन छबूचं मेक्सिकोचं इमान चुकवायचं न्हाई. तिला कळलं की ती अडकली. दहाव्यापतुर माहेरी ऱ्हावं लागतंय, भावकी काय तिला सोडनार न्हाई. न कळलेल्याला सूतक न्हाई. ती आल्यावर सांग. मी शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी पहाटं फोन आला. मी आईचा मोबाईल दुरुस्तीला टाकतो म्हनून काढून घेतला, दिसभरात जाऊन माती देऊन आलो. तिला सांगितलं, कारखान्यावर उसाची नोंद करायला गेल्तो."

सूतक मरण घडल्यावर नाही, कळल्यावर लागतं. ज्ञानेश्वरीच्या स्वतःच्या घरीही एकदा लग्न उरकेपर्यंत कुणाचं तरी जाणं असंच चौघांच्या पोटात राहिलं होतं.

"मग सकाळी पानं तुम्ही कापलीत?"

"आईची शप्पत, न्हाई. मी वर आलो, आई बाहेर उभी हुती, मी खुर्चीत टेकलो तवर हे हर्षलभाऊ आले. पुस्तक मी बघितलंसुद्दा न्हाई."

"पण चिठ्ठ्या फक्त प्रवाशांनी लिहिल्या. चोवीस माणसं, चोवीस चिठ्ठ्या. शनिवारी तुम्ही वर नव्हतात. मग हे नाव लिहिलं कुणी?"

आदिनाथला घाम फुटला. "आईला वाटलं आसंल, आवडत्या मानसाचं नाव टाकायचं. भाऊ लाडका, लिव्हलं. तिला काय म्हाईत ते मेलेल्यांसाठी हाय."

तो टपरीवरचे पैसे द्यायला गेला आणि ज्ञानेश्वरी तिथेच उभी राहिली. तीन वाजत आले होते. डोक्यात दोन वाटा स्वच्छ दिसत होत्या, आणि दोन्हींवर तीच गाठ बसत होती.

एक वाट अशी: मावशींना काही माहीत नाही. त्यांनी चुकून जिवंत समजून भावाचं नाव लिहिलं. आदिनाथने ते छापलेलं पाहिलं. इतर बायका विचारतील, हे बन्सी कोण, कधी गेले, म्हणून त्याने पानं कापली आणि आता खोटी शपथ घेतोय.

दुसरी वाट अशी: मावशींना माहीत आहे. त्यांनी जाणून लिहिलं, कारण चिठ्ठी कुणी वाचणार नव्हतं. मग ते नाव छापून समोर आलं, चोवीस वेळा. मुलाने पाहिलं तर त्याला कळेल की आईला कळलंय. आणि कळलं की संपलं.

माहीत आहे की नाही? एवढा एकच प्रश्न. तो मावशींना विचारता येत नव्हता, कारण नसेल माहीत तर विचारण्यातच सांगितल्यासारखं झालं असतं.

तिने डोळे मिटून शनिवार पुन्हा आठवला. बैठक, डबा, हशा, मग माळीवाडा. चपलांच्या ढिगापाशी बसलेल्या मावशी. गुडघा धरलाय गं माजा, तुमी जाऊन या. पदरात बांधलेला, तोंडात न टाकलेला प्रसाद.

आणि रविवारी पहाटे, बारा तासांच्या आत, तोच गुडघा चांदबिबी महालाचा डोंगर सगळ्यांच्या आधी चढला होता.

ज्ञानेश्वरीने डोळे उघडले. मावशी माणसांशी खोटं बोलल्या, पोटच्या मुलाशीही. पण सुतकात गणपतीच्या गाभाऱ्यात पाऊल टाकणं त्यांना जमलं नाही. ज्याला कळलेलं नाही त्याला सूतक नाही. ज्याला सूतक नाही, तो बाहेर बसत नाही.

ती रस्ता ओलांडून पिकअपकडे निघाली. निघाली कसली, धावली.

दिवस सातवा : मेरिदा
*विमान पुन्हा. इथून चिचेन इत्साची दिवसभराची सहल: पायऱ्यांचा पिरॅमिड, चेंडूच्या खेळाचं मैदान, आणि जमिनीत खचलेली गोड पाण्याची विहीर. पोहता येणाऱ्यांनी कपडे घ्यावेत. न येणाऱ्यांनी काठावर बसून पोहणाऱ्यांना नावं ठेवावीत.*

"बस," छबूमावशी म्हणाल्या आणि सीटवरची टरफलं खाली लोटली. "तुज्या तोंडावरच दिसतंय. कळलं व्हय?"

"गुडघ्यावरून."

मावशींनी गुडघ्याकडे पाहिलं, जणू त्याने दगा दिला होता. मग त्या हसल्या. "तरी म्हनलं मी काल, एवढं डोंगर पळत चढू ने. पन ऱ्हावलं न्हाई."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? बन्सी रोज सकाळी सात वाजता फोन करतो. करायचा. शुक्रवारी आला न्हाई. आन् साडेसातला आमचं ध्यान मोबाईल दुरुस्तीला घेऊन गेलं. चांगला चालू मोबाईल. रातच्याला कारखान्यावरनं म्हनून आला तर केस वले. नोंदीला गेलेला मानूस आंगूळ करून येतो व्हय?" त्यांनी एक शेंग फोडली, दाणा ज्ञानेश्वरीच्या हातावर ठेवला. "एवढं न कळाया मी काय दूधपिती हाय का."

"मग बोलला का नाहीत?"

"बन्सीनंच सांगितलं हुतं. भाऊबीजेला ओवाळताना. म्हनला, छबे, मी गेलो तर तुला कळलेलं न्हाई असं धर. कायबी झालं तरी जा. झेंडू बघून ये. पहिलं रोप त्यानंच दिलेलं मला, लगीन करून राहात्याला आले तवा. कुनी इचारलं झेंडू कुठनं आला, तर आमी रतनवाडी सांगायचो. मंग एका परदर्शनात कळलं, मेक्सिकोवरनं आला. बन्सी म्हनला, बघ, आपल्या झेंडूला आपल्यापेक्षा लांबचं माहेर."

बन्सीमामांनी एकच गोष्ट दोघांना सांगितली होती, ओसरीत मुलाला आणि ओवाळणीच्या ताटाशी आईला, आणि दोघं एकमेकांपासून लपवत ती पाळत होते. हे जगात आत्ता फक्त तिला माहीत होतं.

"तो हर्षल खाली गेला," मावशी म्हणाल्या, "मी म्हनलं बघू तरी पुस्तक. सुतळी सुटंना, पर्समधल्या पुडीतल्या ब्लेडनं कापली. उघडलं तर बन्सी. आदी गाडी लावून येनार, आल्या आल्या पुस्तक चाळनार. फुलं खुडायचा हात हाय, पंधरा मिंटं लागली न्हाईत. पानं सगळी पिशवीत हायेत, टाकली न्हाईत. त्याच्यावर नावं हायेत लोकांची."

मग त्यांनी विचारलं, "तुला तरास झाला का गं?"

ज्ञानेश्वरीने सांगून टाकलं. पाच वाजता नाव द्यायचंय. नाहीतर झेंडा हर्षलकडे.

मावशींचा शेंग फोडणारा हात थांबला. केबिनच्या काचेतून आदिनाथ येताना दिसत होता.

"नाव देऊ नगंस," त्या हळू म्हणाल्या. मग तिच्याकडे नीट बघून, "देनार हायेस व्हय?"

दिवस पाचवा

पाच वाजता हॉल भरला. कुणी गळ्यातली पाकिटं लावून पाहत होतं, कुणी फोनवर स्पॅनिशमध्ये 'पाणी' घोकत होतं. खुर्शीदभाईंनी घरून खजूर आणले होते. सगळ्यांना पुस्तिका हव्या होत्या. भिंतीपाशी आदिनाथ उभा होता, हाताची घडी घालून.

रुमाना मॅडमनी सरळ सांगितलं: पुस्तिकांतून एक पान कापलं गेलंय, आणि ज्ञानेश्वरीला ते कुणी कापलं हे सांगायचं आहे.

ज्ञानेश्वरी उठली. चार वर्षं. झोकालो, सोचिमिल्को, मोन्ते आल्बान. डोळे मिटून चालता येईल इतके पाठ झालेले रस्ते. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या छबूमावशींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

"मॅडम, चूक माझी आहे," ती म्हणाली. "लोकांनी डब्यात टाकलेली नावं मी त्यांना न विचारता छापली. ते पान—"

"पान मी कापलं," मागून आवाज आला.

छबूमावशी उभ्या राहिल्या होत्या. पिशवीतून कागदांची चळत काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"म्हसनात न्येनार म्हनं संध्याकाळचं. आमच्यात बायका म्हसनात जात न्हाईत. मला भ्या वाटलं. म्हनलं पान गेलं तर दिवस जाईल. अडानी बाई मी, चुकलं."

हॉलभर हसू पसरलं. राधाकृष्ण सर ताडकन उठले. "मी हेच म्हणत होतो. मुद्दा क्रमांक तीन."

"सर, बसा," रुमाना मॅडम म्हणाल्या. त्यांनी चळतीतलं एक पान उचलून कापलेली कड बघितली. पंधरा मिनिटांत चोवीस पानं एवढ्या सफाईने कापणारी बाई अडाणी नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं. मग त्यांनी ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. ज्ञानेश्वरीने नजर चुकवली नाही, आणि काही सांगितलंही नाही.

"आणि आता भीती गेली?" मॅडमनी विचारलं.

"गेली. ही पोरगी बरूबर हाय म्हनल्यावर गेली. दुसऱ्या कुनाबरूबर मी जायची न्हाई."

"पासपोर्ट?"

"माज्याच पासपोर्टावरचा फोटो मला बघवत न्हाई, दुसऱ्याचे कशाला बघू?"

या वेळी मॅडमही हसल्या. "ज्ञानेश्वरी, पान पुन्हा छाप. नावांशिवाय. नावं डब्यातच राहतील. आणि कपाटाची किल्ली आजपासून तुझ्या गळ्यात."

हर्षलने कोपऱ्यातला झेंडा उचलून तिच्या हातात कोंबला. "घ्या लीडर मॅडम. मला बुटाची नाडी घट्ट बांधायचा कंटाळाच आहे."

गलका पुन्हा सुरू झाला. त्या गलक्यात आदिनाथ एकटाच हलला नव्हता. टेबलावरच्या चळतीतलं वरचं पान त्याला भिंतीपासून दिसत होतं. आईने ते कापलं. म्हणजे आईने ते वाचलं. तो गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आला. ज्ञानेश्वरी शेजारीच होती. तिला दूर व्हायलाही जागा नव्हती.

"आये," तो म्हणाला आणि थांबला.

छबूमावशींनी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. "रईवारी काय करनार हायेस?"

"रतनवाडीला जाऊन यीन म्हन्तो." तो म्हणाला. "मामाकडं."

ज्ञानेश्वरीने मनातल्या मनात बोटं मोजली. शुक्रवार, शनिवार. दहावा दिवस रविवारी येत होता. दोन नोव्हेंबर.

"जा. पुरनपोळी घेऊन जा. गुळाची, साखरेची त्याला चालत न्हाई. दूध वेगळं ने. आन् त्याच्यासमोर ठेव. ठेवून जरा लांब उभा ऱ्हा."

"ठेवतो."

दोघं एकमेकांकडे बघत होते आणि दोघांपैकी कुणालाच काहीही कळलेलं नव्हतं.

"ज्ञानू," मावशी वळल्या, "हितं सकाळचे नऊ वाजले की तिकडं किती वाजत्यात?"

"आदल्या रात्रीचे साडेनऊ, मावशी. ते साडेअकरा तास मागे आहेत."

मावशींनी ओठ हलवत हिशेब केला. "म्हंजी रईवार आधी हिकडं येनार, मंग तिकडं."

"हो."

"मंग झालं की," त्या मुलाला म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम लख्ख उजळला, जणू कुणीतरी त्यांना घसघशीत बक्षीस दिलं होतं. "सकाळी तू जेवू घाल त्याला. तुजं उरकलं की संध्याकाळी तिकडं मी घालते."

आदिनाथने मान हलवली. मग आईची पिशवी उचलली आणि तो भराभर जिना उतरून गेला, कुणाला तोंड दिसू नये इतक्या भराभर.

सहाला प्रेस बंद होत होती. ज्ञानेश्वरीने झेंडा काखेत मारला, पुस्तिकांचा गठ्ठा उचलला आणि ती त्याच्या मागोमाग दोन-दोन पायऱ्या उतरत सुटली.